सरक रे जरा आत

"सरक रे जरा आत. बोट कलतेय माझी."

इंजिनकाका कुरकुरले. रोजच्यासारखेच. मागे वळून न बघता, अर्धं वाक्य ओठांत आणि अर्धं मिशीत.

आणि बोट... हळूच सरळ झाली.

पूर्ण नाही. थोडीशीच. कडेला बसलेलं एखादं दांडगं माणूस वीतभर आत सरकलं की होते, तेवढी.

आता नीट ऐका. त्या बोटीत आम्ही तिघंच होतो. काका मागे इंजिनापाशी, मधोमध. मी आणि बारकी उजव्या फळीवर, एकमेकींना चिकटून.

डावी फळी रिकामी होती.

हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी त्या बोटीत होते. भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही सकाळी घडली, चहा पिऊन निघाल्यावर. पूल मागे टाकला की नदी जिथं रुंद होते, तिथं. धुकं होतं, एवढंच. तुम्हाला खरं वाटलं नाही तर माझी काही हरकत नाही. मलाही वाटलं नसतं तर बरं झालं असतं.

पण सुरुवातीपासून सांगते.

मी नदीवरच्या शोध-बचाव पथकात आहे. मला पोहता येत नाही.

हसून घ्या. सगळेच हसतात.

माझं काम दोऱ्यांचं. गाठी, कड्या, दोरीची शिडी आणि वायरलेस. शिकवलं कुणी नाही. घरात खुर्चीच्या पायाला गाठी मारून मारून शिकले. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी खुर्ची ओढली की मागोमाग स्टूलही चालत यायचं.

बारकी पाणबुडी आहे. पोरगी दिसायला काडी, पण फुप्फुसं बैलाची. इंजिनकाका बोट चालवतात. इंजिन बंद असलं तरी त्यांची धडधड चालू असते, म्हणून इंजिनकाका.

आणि चौथा होता पाणघोडा.

माझा मेहुणा. धाकट्या बहिणीचा नवरा. स्थळ मीच आणलं होतं. त्याला पहिल्यांदा बघितल्यावर धाकटी माझ्या कानात म्हणाली होती, "ताई, मुलगा आणलायस की कपाट?"

एवढा मोठा माणूस. धक्क्यावरून चालला की फळ्या करकरायच्या. पण पाण्यात उतरला की... आवाज नाही. लाट नाही. नदी त्याला आत घ्यायची आणि वरून पांघरूण ओढून घ्यायची.

त्याची जागा ठरलेली. डावी फळी, मागचा कोपरा. तो बसला की बोट डावीकडे कलायची. मग काका म्हणायचे, "सरक रे जरा आत. बोट कलतेय माझी." तो वीतभर आत सरकायचा आणि म्हणायचा, "कलत नाही काका, लळा लागलाय तिला माझा."

रोज. हेच. शब्द न् शब्द.

आता आमच्या कामातली एक पद्धत सांगते. ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या नदीचं पाणी गढूळ. खाली गेलं की स्वतःचा हात दिसत नाही. पाणबुडे डोळ्यांनी नाही, हातांनी शोधतात. वर येताना त्यांना बोट दिसत नाही आणि आम्हाला ते दिसत नाहीत. म्हणून वर येण्याआधी बोटीच्या तळाला खालून दोन थापा मारायच्या. उघड्या तळव्यानं.

थप्. थप्.

म्हणजे, मी आलो.

थाप ऐकली की काकांनी इंजिनाला हात लावायचा नाही आणि मी त्या बाजूला शिडी टाकायची. कोण आहे, का आलास, काय सापडलं... काही विचारायचं नाही. खालच्या माणसाचा श्वास संपत आलेला असतो. थाप आली की शिडी. आमच्या हातांना हे इतकं बसलंय, की घरी शेजारणीनं दार वाजवलं तरी माझा हात आधी बाजूला जातो.

पाणघोडा नेहमी डावीकडून यायचा. बारकी उजवीकडून.

एके दिवशी पूर ओसरत असताना पुलावरून एक माणूस पडला. पाणघोडा उतरला. दोरी बारकीच्या हातात होती.

दोरी बराच वेळ चालत होती. मग थांबली. मग... सैल पडली.

बारकीनं ओढली. ती येत गेली. कुठं अडकली नाही, कुठं तुटली नाही. सरळ, सोपी, अगदी टोकापर्यंत आली.

टोकाला त्याच्या पट्ट्यात अडकवायची कडी होती. मिटलेली. मी सकाळी मिटवून दिली होती तशीच, फिरकीसुद्धा घट्ट.

फक्त तिच्यात तो नव्हता.

त्या दिवशी थाप आली नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत कान लावून बसलो.

आणि ज्याला शोधायला तो उतरला होता ना, तो माणूस खालच्या काठावर झाडाला मिठी मारून जिवंत सापडला. मला विचारत होता, "बाई, माझी एक चप्पल मिळाली का हो?"

नाही म्हटलं.

आमच्यात एक शब्द बोलत नाहीत. 'बुडाला.' काठावर घरची माणसं उभी असतात, त्यांच्या कानावर तो पडू द्यायचा नाही. आम्ही म्हणतो, 'सापडायचाय.' परक्या माणसांना शेवटी आमचे साहेब सांगतात. टोपी काढतात, बाजूला घेतात, सांगतात.

पण आपल्याच माणसाचं आपल्याच माणसाला कसं सांगायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

धाकटी रोज धक्क्यावर यायची. हातात पिशवी. पिशवीत त्याचे कोरडे कपडे.

"सापडायचाय," मी म्हणायची.

"बरं," ती म्हणायची.

आणि घरी जायची. ती कपडे शिवते, घरीच. त्या दिवसापासून मशीनवर कापड टाकलेलं होतं. लोकांचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश तसेच गठ्ठ्यात पडून होते. काम एकच करायची. दुपार झाली की न्हाणीघरातलं पिंप काठोकाठ भरायचं आणि गॅसवर पाणी तापत ठेवायचं. नदीतून आला की तो गारठलेला असायचा ना. आल्या आल्या आंघोळ लागायची.

मी बघायची. पाणी उकळायचं, निवायचं. ती पुन्हा ठेवायची.

मी काही बोलायची नाही. बोलायला तोंडात एकच शब्द होता, आणि तो बाहेर येईना.

असे दिवस गेले. आणि मग ती सकाळ आली.

निघण्याआधी साहेबांनी मला बाजूला घेतलं. टोपी हातात होती, तेव्हाच मी ओळखलं.

"ताई, वरून आदेश आलाय. आज शेवटचा दिवस. उद्यापासून शोध बंद."

"बरं."

"तुमच्या बहिणीला... तुम्ही मोठ्या आहात. तुम्हीच सांगा."

"काय सांगू?"

साहेबांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "ते... तेच."

बघा. साहेबांच्याही तोंडून आला नाही.

आम्ही निघालो. धुकं असं की बोटीचं नाक दिसेना. काकांनी पुलाखालून अंदाजानं काढली आणि रुंद पात्रात इंजिन बंद केलं. बारकी उतरली. बऱ्याच वेळानं उजवीकडून थाप आली. मी शिडी टाकली, ती वर आली. मान हलवली. नाही.

मी तिच्या अंगावर टॉवेल टाकला. शिडी वर घेतली. दोरी गुंडाळली. आता पाण्यात आमचं कुणीच नव्हतं.

"चला मग," काका म्हणाले. पण इंजिनाला हात लावेनात. आम्हीही 'चला' म्हणेना. निघालो की संपलं, हे तिघांनाही कळत होतं.

इतकी शांतता की बारकीच्या केसांतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

टप...

टप...

आणि मग...

थप्. थप्.

डावीकडून. तळाखालून. उघड्या तळव्याच्या.

बारकी माझ्या शेजारी होती. तिचे दोन्ही हात टॉवेलात होते. मी आधी ते बघितलं.

"ओंडका असेल," काका हळूच म्हणाले.

ओंडका दोनदा वाजवून थांबत नाही. पण मी तसं म्हटलं नाही.

कारण तोवर मी उठले होते. शपथेवर सांगते, मी ठरवून काही केलं नाही. माझा हात माझ्या आधी उठला. शिडी उचलली, डाव्या कडेला अडकवली, खाली सोडली. थाप आली की शिडी.

पाणी हललं नाही. बुडबुडा नाही.

पण शिडी... ताणली गेली.

आधी एक पायरी करकरली. मग दुसरी. बोट डावीकडे झुकली. मी दचकून मागे झाले ती बारकीवरच पडले. तिनं माझा दंड असा धरला की नखांचे वळ नंतर कितीतरी दिवस होते.

मग डाव्या फळीच्या मागच्या कोपऱ्यात लाकूड दबल्याचा आवाज आला.

आणि बोट तशीच कललेली राहिली.

काका धुक्यात समोर बघत होते. मला वाटतं, ते काय बोलतायत ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. इतक्या वर्षांची जीभ, ती आपली आपणच चालली.

"सरक रे जरा आत. बोट कलतेय माझी."

आणि पुढं काय झालं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

कुणी किंचाळलं नाही. सिनेमात किंचाळतात. खरं घडतं तेव्हा माणूस अगदी साधी कामं करतो. आमच्याकडे नियम आहे, माणूस आत आला की शिडी वर घ्यायची.

मी वर घेतली.

"काका," बारकी दातांतून म्हणाली, "चला."

काकांनी इंजिन चालू केलं. अगदी सावकाश नेली बोट. आजारी माणसाला नेतात ना, तशी.

धक्क्याला लागलो. आम्ही तिघंही उतरलो. साखळी घातली. बोट रिकामी झाली.

ती डावीकडे कललेलीच होती.

साहेब आले. बघितलं. "पाणी शिरलंय का?"

मेकॅनिक आत वाकला. "थेंब नाही साहेब."

"मग इंजिन सरकलं असेल."

"इंजिन मधोमध आहे."

"मग... बघ काहीतरी!" साहेब उगाच खेकसले. मेकॅनिकनं उगाच पाना उचलला. बारकी उगाच दोरी गुंडाळायला लागली, मी गुंडाळलेली दोरी. सगळे सगळीकडे बघत होते. डाव्या फळीकडे कुणी बघत नव्हतं.

धाकटी उभी होती. हातात पिशवी.

तीच एकटी डाव्या फळीकडे बघत होती.

मी तिच्याजवळ गेले. जीव गोळा केला. तोंड उघडलं. आणि बाहेर आलं, "सापडायचाय अजून."

तिनं माझ्याकडे बघितलं. उलट माझीच कीव केल्यासारखं.

"बरं. चला, घरी जाऊ," ती म्हणाली.

'ताई' म्हणाली नाही. म्हणताना बघत होती ती डाव्या फळीकडे.

आम्ही पायऱ्या चढलो. मागे साखळी खळखळली. वळून बघितलं तर...

बोट सरळ होती. पाण्यावर हलकी डुलत होती. आणि इंजिनकाकांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती.

बसमध्ये धाकटी कडेच्या सीटवर बसली. खिडकीची जागा रिकामी ठेवून. मी आत जायला लागले तर तिनं हात आडवा धरला. "तिथं नको." मी पुढच्या सीटवर बसले.

कंडक्टर आला. गर्दी होती. तो तिच्यावर कुरकुरला, "बाई, जरा आत सरका की, उभी आहेत माणसं."

ती हलली नाही.

त्यानं वाकून खिडकीच्या जागेवर हात ठेवला. लगेच काढला. पँटला पुसला. "ओली आहे होय, मग सांगायचं ना," म्हणत पुढं गेला.

बाहेर ऊन पडलं होतं. धुकं कधीच गेलं होतं.

घरी आलो. तिनं पिशवी खुंटीला अडकवली. पिंप भरलं, झाकण लावलं, गॅसवर पाणी ठेवलं. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. मशीनवरचं कापड बघत. ठरवलं, हे पाणी उकळायच्या आत सांगायचं. तिचं सगळं आयुष्य त्या पातेल्याखाली जळत होतं आणि काडी मी लावलेली नसली तरी विझवायची मलाच होती.

"अगं, ऐक ना..."

"ऐकते."

"ते आज साहेब म्हणत होते..."

"काय?"

"म्हणजे... शोध..."

पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरायला लागले.

आणि तेवढ्यात...

थप्. थप्.

न्हाणीघरातून. पिंपाच्या आतून. उघड्या तळव्याच्या.

माझा हात बाजूला गेला. शिडी शोधायला. खरंच गेला.

धाकटी दचकली नाही. तिनं गॅस बारीक केला.

"आले," म्हणाली.

"हे... आधीपण वाजलंय?"

"रोज. पहिल्या दिवसापासून. धक्क्यावरून घरी येऊन मी पाणी ठेवलं, की."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी मला कुठं काही सांगितलंस, ताई?"



"झाकण... उघडलंस कधी?"

तिनं मान हलवली. "उघडलं आणि ते आत नसले तर? या भीतीनं नाही उघडलं." न्हाणीघराकडे वळून बघितलं. "आणि असले तर?"

थप्. थप्.

"आधी थाप लांबून यायची," ती म्हणाली. "खूप खालून, तळातून, तुला ऐकूही यायची नाही अशी. दिवसेंदिवस वर येत गेली. आज बघ. अगदी झाकणाशी आहे."

"चल, इथून जाऊ आपण. माझ्याकडे चल."

"त्यांना कळलेलंच नाही, ताई." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "कुणी सांगितलंच नाही ना त्यांना. तुम्ही रोज शोधायला जाता, मी रोज पाणी तापवते. त्यांना वाटतं, आपण कामावर आहोत. रोज कामावर जातायत, रोज घरी येतायत, आणि रोज दार बंद."

ती उठली. खुंटीवरच्या पिशवीतून त्याचा टॉवेल काढला आणि खांद्यावर टाकला.

इथं एक सांगून घेते, कारण नंतर बोलायचं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. बोट सरळ चालते. मेकॅनिक म्हणतो, त्यानं कुठला तरी नट आवळला. आवळला असेल. धाकटीच्या मशीनवरचं कापड निघालं, गणवेश ज्याचे त्याला पोचले. पिंप तिनं मागच्या दारी उपडं घातलंय, वर दोन विटा ठेवून. पाणघोडा अजून सापडलेला नाही. मी घरात बादली काठोकाठ भरत नाही. आणि काका अजूनही अधूनमधून म्हणतात, सवयीनं, "सरक रे जरा आत." मग आम्ही तिघंही श्वास धरून बसतो...

बोट हलते की काय, म्हणून.

तर. धाकटी न्हाणीघरात गेली. मी उंबऱ्यापाशीच थांबले.

तिनं झाकणावर हात ठेवला. खालून एकच थाप आली. हळू. ओळखीची.

तिनं झाकण उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. सावकाश, आवाज न करता.

मी उभी होते तिथून आतलं पाणी दिसत नव्हतं. तिला दिसत होतं. ती वाकून बघत राहिली, उशिरा घरी आलेल्या नवऱ्याकडे बघतात तशी. आधी राग, मग काळजी, मग नुसतंच बघणं.

तिनं टॉवेल पिंपाच्या काठावर ठेवला. आणि गाढ झोपेतल्या माणसाला उठवताना लावतात तसा, अगदी हळू आवाज लावून म्हणाली...

"अहो... तुम्ही बुडालात."